करंगळीची स्प्लिंट

तारनाका, हैदराबाद
दि. ९ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप मामींना,
नागसेनचा सविनय जयभीम.

इकडं आम्ही ठीक. पिंकीची परीक्षा जवळ आलीय. तुमचे गुडघे कसे आहेत? तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून लिहितोय. गौतम वाचून दाखवेल असं धरून चालतो. दवाखान्यात मी तुम्हाला जे बोललो, त्यावर पुढं येतो.

आधी रोशनीच्या भाजलेल्या हाताचं. तळहाताला मांडीची कातडी लावली होती, ती धरली. पण नवी कातडी आखडते, बोटांना आत ओढते. म्हणून बोटं सरळ धरून ठेवायला स्प्लिंट बांधावी लागते. दवाखान्यातून मिळालेली जाड होती, पार कोपरापर्यंत. आत घाम साचायचा, पट्टा घासून फोड यायचे. मी ड्यूटीवर गेलो की रोशनी ती काढून ठेवायची. मला कळत होतं. बोललो नाही, कारण बोलायचं तर त्या हाताकडं बघावं लागलं असतं.

डिसेंबरात करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वळलं. तेव्हा बघितलं.

मामी, बावीस वर्षं मी रेल्वेच्या वर्कशॉपात पत्रा कापतोय. वाटलं, एवढं तर आपल्याला जमेल. पुठ्ठ्यावर तिचा हात ठेवून पेन्सिलीनं आखला. तिनं हात दिला, तोंड मात्र खिडकीकडं फिरवलं. तो पुठ्ठा घेऊन मी सुजाता मॅडमकडं गेलो. हाताचे व्यायाम त्याच घेतात. त्या म्हणाल्या, "पत्रा नको. आणि बोटं ओढू नका, फक्त धरून ठेवा. घाई केली तर कातडी फाटेल."

त्यांनी गरम पाण्यात प्लास्टिक मऊ करून माझ्या मापावर बसवलं. पहिली टोचली. दुसरी मनगटाशी सैल पडली. तिसरीला मी कडा बाहेर वळवायला सांगितल्या, घामासाठी भोकं पाडली, आतून धुऊन मऊ झालेलं सुती कापड लावलं. पट्टा फोडांपासून दूर घेतला, डाव्या हातानं एकटीला सोडता येईल असा. अंगठा आणि दोन बोटं मोकळी ठेवली.

परवा ती घालून तिनं पिंकीची वेणी घातली. बराच वेळ लागला. सैल वेणी मिरवत पिंकी वर्गात सगळ्यांना सांगून आली, "मम्मी डाली," म्हणजे मम्मीनं घातली.

करंगळी मात्र पुरती सरळ होणार नाही. आणखी एक ऑपरेशन केलं तरी खात्री नाही, असं डॉक्टर म्हणतात. शिलाई मशीनवर तिनं चादर टाकून ठेवलीय.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. गौतम, थांबू नको, पुढं वाच.

रोशनी गॅसचं बटन बंद करायला विसरली, असं मी तुम्हाला सांगितलं. वर म्हणालो, पोरीला साधं स्वयंपाकघर सांभाळायला शिकवलं नाही तुम्ही. मामी, ते खोटं होतं. गॅसची नळी चिरली होती. वास येतोय, असं तिनं दोनदा सांगितलं होतं. मी नवी नळी आणलीही होती. आठ दिवस ती गाडीच्या डिकीत पडून राहिली. भडका उडाला त्या सकाळीही रोशनी बोलली, आणि "संध्याकाळी बघतो" म्हणून मी निघून गेलो. दहा वाजता वर्कशॉपात फोन आला.

वॉर्डात पोलिसानं तिला विचारलं तेव्हा मी खाटेजवळच उभा होतो. ती म्हणाली, "माझ्याच हातून राहिलं." मी ऐकलं आणि गप्प बसलो. माझ्या जबाबातही तेच दिलं, आणि पुढं सगळ्यांना तेच सांगत सुटलो. सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं होतं.

काल विचारलं, "तसं का बोललीस?"

ती पट्टा लावत होती. म्हणाली, "तुमचं तोंड बघितलं आणि तेच सुचलं." मग पट्टा पुरता लावून घेतला. शेवटी म्हणाली, "पण आईला खरं सांगा. तिला अजून वाटतंय, मीच वेंधळी."

मामी, तुम्ही या. माझ्याशी बोलू नका, चालेल. काचीगुड्याला गौतमबरोबर उतरा. मी समोर नको असेन तर स्टेशनवर येणार नाही. तुम्ही येईपर्यंत पोलिसांकडं जाऊन माझा जबाब बदलून आलेला असेन. ती तुमची वाट बघतेय. तिचा हात तुमच्या हातात घ्या. दाबू नका, नुसता धरा.

जावई म्हणून सही करायचा धीर होत नाही.

नागसेन