महिनाभर आधी उपटलेली ओळ

ता. संगमेश्वर
२० मे १९८६

प्रिय हौसाबाय,

आईला सांगितलंय, शेतकीसाहेबांना पत्र लिहितोय. नाहीतर ती शेजारी बसून एकेक वाक्य सांगत बसेल. यंदाही शिमग्याला तू आली नाहीस. पालखी अंगणात आली, आईनं तुझ्या नावानं ओटी भरली, आणि मी उगाच तीनदा एसटीच्या थांब्यापर्यंत जाऊन आलो. तीन वर्षं झाली, बाय. तुझी फार आठवण येते, हे लिहायला आता मला लाज वाटत नाही.

इकडची खबर म्हणजे, भात निघाल्यावर नदीकाठच्या दोन गुंठ्यांत साखरेचं बीट लावलं होतं. देवरूखचे शेतकीसाहेब प्रयोग म्हणून बी देऊन गेले. मुळ्यासारखा कंद, त्यातून साखर निघते म्हणे. पाला पिवळा पडू लागेपर्यंत हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं होतं. पण मी पडलो भातवाला. भात जरा हिरवट असतानाच कापावं, उशीर केला की दाणे शेतात गळतात, हे हाडात मुरलेलं. महाशिवरात्रीला पाला रसरशीत दिसला नि मी एक अख्खी ओळ उपटली. पाडव्याला साहेबांनी शेजारची ओळ काढून दोन्ही कंद माझ्या हातात दिले. माझा मुठीएवढा, पाणचट. त्यांचा दुप्पट, आणि गोड इतका की आपल्या धाकट्या सखूनं कच्चाच खाल्ला. एका महिन्याचा फरक गं. तिसरी ओळ वैशाखापर्यंत ठेवली, ती वजनाला भरली पण दोरे सुटले आणि गोडी उतरली. म्हणजे कायम ठेवूनही भागत नाही. माझा एक कंद मी परत मातीत लावून बघितला, हसू नकोस. चार दिवसांत मऊ पडला.

तेव्हापासून डोक्यात तुझी दहावी आहे. विठूमामानं मुंबईचं स्थळ आणलं, जावयांना रजा माघातच होती आणि तुझी परीक्षा महिन्यावर. तू चुलीपाशी बसून भूगोल घोकत होतीस. मी म्हणालो, परीक्षा काय पळून जाते? चांगलं स्थळ हातचं गळेल, ही भाताची भीती मी तुलाही लावली आणि परीक्षेआधीच लग्न उरकलं. तू वही मिटून उठलीस. अजूनही माझ्याशी बोलत नाहीस. माझं चुकलं, बाय.

परवा विठूमामा सखूसाठी स्थळ घेऊन आला. त्याला चहा पाजला आणि तिची दहावी झाल्यावर ये म्हणून वाटेला लावलं. मग देवरूखला हेडमास्तरांकडे जाऊन सतरा नंबरचा फॉर्म आणला. शाळेत न जाता दहावीला बसणाऱ्यांचा असतो तो. सोबत पाठवतोय. जावयांना वेगळं पत्र लिहिलंय, हात जोडून. राग आला तर फॉर्म फाड, पण इथं येऊन माझ्यासमोर फाड. नाहीतर सही कर. तुझी भूगोलाची वही मी पेटाऱ्यात जपून ठेवलीय. परीक्षा मार्चात असते. त्याआधीचा महिना इथं राहायला ये. तुझा तो महिना माझ्याकडेच राहिलाय.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
तुझाच आप्पा