खूणो

लोणावळे, ता. ९ डिसेंबर १९३५

तीर्थरूप मोठाभाई यांस,

धाकट्या बहिणीचा, जडावचा जय श्रीकृष्ण. इकडे सारे खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं. थंडीनं वहिनींचे गुडघे कसे आहेत? तळेगावाहून धाडलेले पावटे पोहोचले, त्यांच्याबरोबरचं तुमचं पत्रही पोहोचलं. पावटे गोड निघाले.

मराठीत लिहिते आहे. गुजराती शाळेचे अध्यक्ष म्हणून तुम्हांला हे खपायचं नाही, पण तुमचं पत्रही मराठीतच होतं. एकाच पंतोजींच्या छड्या खाल्लेली आपण दोघं, दुसरं काय लिहिणार?

आधी शाळेची हकीकत. लाभपंचमीला वखारीच्या माळ्यावर मुहूर्त झाला. मंगळाचरण गुजरातीत झालं आणि पहिला हार कुणाला, यावरचं भांडण मराठीत. "आपली भाषा बुडाली तर आपण कोण?" असं तुम्ही विचारलंत, तेही मराठीत, आणि सगळी पागोटी डोलली. मग मास्तर म्हणून तुम्ही नेमलात तो मुंबईच्या एका शेठच्या बंगल्यावरचा आचारी. ब्राह्मण आहे, पुरुष आहे, गुजराती बोलतो. एवढ्यावर भात शिजतो, शाळा शिजत नाही. फळ्यावर लिहायची वेळ आली की त्याच्या पोटात दुखायचं. एवढ्या दिवसांत मुलं काय शिकली म्हणाल तर उंधियूचा मसाला, तोही चालीवर. गेल्या आठवड्यात शेठ मुंबईला परतले आणि तुमचे मास्तर कढया-झाऱ्यांसकट त्यांच्यामागून गेले. शाळेला कुलूप, किल्ली माझ्याकडे.

तेव्हा मी तुम्हांला लिहिलं की झवेर शिकवील. माझी सून भावनगरच्या कन्याशाळेत सातवीपर्यंत शिकलेली. साऱ्या बाजारात नीट गुजराती लिहिणारं माणूस ते एकच. त्यावर तुम्ही मला उलट टपाली न्यातीची रीत शिकवलीत, जणू मी कालच या न्यातीत आले: नवरा गेल्यावर खूणो पाळणारी बाई वर्षभर घरातला कोपरा सोडत नाही, आणि तिचं तोंड मुलांनी पाहू नये.

मोठाभाई, तो कोपरा तुम्ही नेमून दिलात आणि संध्याकाळच्या गाडीनं तळेगावला गेलात. म्हणून कसा आहे ते सांगते. धान्याच्या कणग्यांमागे घोंगडी आहे. वर झरोका आहे, त्यातून उजेड येतो तो छपरालाच लागतो. तिचं तोंड भिंतीकडे असतं.

माझ्या लेकाचं, जयंतीचं नाव अजून मी या पत्रात घेतलं नाही. शाळेचं लिहीत राहिलं की तेवढं टाळता येतं.

लग्नानंतर तो तिच्याकडून तिची भाषा शिकला. दुकानातून आला की दोघं ओसरीवर बोलत बसायची. मला अर्धं कळायचं नाही. मी आत पोळ्या लाटता लाटता चिडायची, की चाललीय माझी चेष्टा. श्रावणात तो नवज्वरानं गेला, आणि तिच्याशी बोलणारं या घरात कुणी उरलं नाही. माझं गुजराती म्हणजे 'आव', 'बेस', 'खा'. मी 'खा' म्हणते, ती खाते. श्रावणापासून तिनं एक शब्द उच्चारला नव्हता. मला वाटायचं, वाचा गेली पोरीची.

कुलूप लागलं त्या दिवशी मुलं पाट्या घेऊन आमच्या ओट्यावर बसली. आमची भांडी घासणारी सरुबाई म्हणाली, "आक्का, दोरी न्हाई म्हून धुनं हातात धरून हुबं ऱ्हायचं, आन दोरी कोपऱ्यात गुंडाळून ठिवायची, ह्यो कुटला कारभार?"

"न्यात काय म्हणेल, सरू?"

"न्यातीला लय बोलाया येतंय व्हय? मग न्यातीलाच शिकवू द्या की पोरास्नी."

मी तिला गप्प बसवलं. पण त्याच रात्री तुम्हांला लिहिलं, आणि तिसऱ्या दिवशी तुमचं उत्तर आलं. वाचलं, परत वाचलं. झवेरनं कोपरा सोडायचा नाही. बरं. नाही सोडणार. मी मुलांनाच कोपऱ्यात धाडलं.

पहिली गेली तुमच्या लेकीची, कमळेची मंगू. ती झवेरच्या पाठीला टेकून बसली आणि विचारती झाली, "मामी, तुला बोलता येत नाही का गं?"  मग पोरीनं आपली विद्या काढली. आचाऱ्याच्या चालीवर उंधियूचा सारा मसाला म्हणून दाखवला. झवेर हळूहळू वळली. म्हणाली, "आमां मीठुं क्यां?"

यात मीठ कुठंय? एवढं गुजराती मला कळतं, मोठाभाई. मी कणगीआडून ऐकत होते. मंगू म्हणाली, "मास्तर विसरले असतील." झवेरनं पाटी मागण्यासाठी हात पुढे केला.

तेव्हापासून शाळा रोज भरते. पंचमंडळींच्या बायका येऊन मला धमकावून गेल्या, की न्यातीबाहेर टाकतील. मी म्हटलं, अवश्य. ठराव मात्र गुजरातीत हवा, आणि लिहिता येत नसेल तर झवेर लिहून देईल.

तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीला अजून मी हात घातला नाही. येत्या सोमवारी येऊन तुम्ही तिला कायमची भावनगरला पोहोचवणार, म्हणजे तुम्हांला तोंड लपवावं लागणार नाही. तिला विचारलं मी, माझ्या मोडक्या बोलीत. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "बा, अहीं." इथंच.

सोमवारी या. चहा करीन. पण कणग्यांपर्यंत जायला मुलांतून वाट काढावी लागेल, त्यात आधी स्वतःच्या नातीला उठवा. उठली, तर दारात मी आहे.

मुलगा गेला, तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं. सून जायची नाही.

वहिनींस नमस्कार. त्यांना हे वाचून दाखवा, गाळू नका.

झवेरची सासू,
जडाव