माझं टेबल नकाशात नव्हतं

रविवार, ९ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तू म्हणशील, एवढी कधी वाकलीस? म्हणून नुसता नमस्कार. भावोजी बरे असतील. आमच्याकडे सगळं ठीक.

बातमी अशी, की तुझी धाकटी बहीण चाळिशी उलटल्यावर कॉलेजात जायला लागलीय. शनिवारी आणि रविवारी सकाळी वर्ग असतो. विषय समाजशास्त्र. हसू नकोस. एक मत म्हणतं, समाज शरीरासारखा, प्रत्येक अवयव आपापलं काम करतो. दुसरं म्हणतं, काठी कुणाच्या हातात आहे ते आधी बघा. तिसरं म्हणतं, माणसं रोज एकमेकांशी कशी वागतात, कोण कुणाकडे बघतं, कोण नजर चुकवतं, त्यातूनच समाज घडत जातो. मला तिसरं पटलं. आपल्या शिवणकारखान्यात बसून ते न पटायला काय झालं?

प्रकल्पासाठी मी आपलं जेवणघर निवडलं. आधी प्रश्नावली वाटली. शहाणपण असं, की गोळा करायला सुपरवायझरबाईंकडे दिली. एकोणीसच्या एकोणीस जणींनी लिहिलं, ‘सगळं छान आहे.’ आमच्या मॅडम वर्गात डोळे पुसेपर्यंत हसल्या.

मग निरीक्षण. दोन आठवडे डबा खाता खाता कोण कुठे बसतं ते वहीत टिपलं, टेबलांचा नकाशा काढला. कटिंगवाल्या पंख्याखाली, शिलाईवाल्या मधल्या दोन टेबलांवर, पॅकिंगवाल्या दाराशी. खिडकीजवळ काजं करणारी नवी बाई, एकटी. कुणाशी तरी वाजलंय म्हणे.

शेवटी मुलाखती. इस्त्रीवाले काका आठवतात ना, कमी बोलणारे? त्यांना नकाशा दाखवला. तो नीट न्याहाळून ते म्हणाले, “खिडकीपाशी आधी तुझी ताई बसायची. ते लिहिलंस का? आणि तू कुठे बसतेस? तुझं टेबलच नाही यात.”

खरंच नव्हतं. सगळ्यांना मोजलं, स्वतःलाच विसरले. मॅडम म्हणतात, नवशिक्यांची ही नेहमीची चूक. माझी तशी नव्हती, ताई.

कारखान्याचं मागचं दार कुलूप लावून बंद ठेवतात, आग लागली तर पळायचं कुठून, अशी तक्रार तू केलीस तेव्हा काय झालं ते मला कुणी सांगायला नको. पहिल्या दिवशी तुझ्या टेबलावरून दोघी उठल्या, आठवड्याभरात टेबल रिकामं झालं. मी पाचव्या दिवशी डबा उचलला. नोकरी जाईल ही भीती होती, असं मी सात वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला कुणी धमकावलं नव्हतं. सगळ्या तिकडे बसल्या, म्हणून मीही बसले. तीन महिने तू एकटी जेवलीस आणि मग काम सोडलंस.

याला पुस्तकात नाव आहे, गटाचा दबाव. पण त्या नावाच्या आड मी लपणार नाही. तिथे पुष्कळ बायका होत्या, तुझी बहीण मात्र एकच होती. माझं चुकलं.

ते दार आता दिवसभर उघडं असतं. तू गेल्यावर वर्षभराने कुलूप काढलं. नव्या मुलींना कुणामुळे ते ठाऊक नव्हतं, परवा मी सांगितलं.

आणि सोमवारी डबा घेऊन खिडकीच्या टेबलावर जाऊन बसले. काजंवाली दचकलीच. गुरुवारी पॅकिंगवाल्या दोघी आल्या. मॅडम म्हणाल्या, तुम्ही तुमचं निरीक्षण पार बिघडवून टाकलंत, हेही प्रामाणिकपणे लिहा.

लिहिलंय. पण तुझ्याबद्दलचं पान तुझ्या परवानगीशिवाय देता येत नाही, असा नियम आहे. सोबत ते पान पाठवतेय. नाही म्हणालीस तर काढून टाकीन, मार्क गेले तर गेले. मात्र ते वाच. आणि मी तुझ्याकडे येऊ का, तेवढं कळव. जेवायच्या वेळेला येईन.

पाचव्या दिवशी तुझ्यासमोरून उठून गेलेली,
तुझी धाकटी