घुबडामागून बोललेली बाई

हिंगणघाट, जानेवारी २०००

पक्षीतज्ज्ञ गजेंद्रराव यांस,

पेपरात तुहा फोटो पाह्यला. बोरच्या जंगलात दुर्मीळ घुबड बोललं आन् तू ते आवाजावरून ओळखलं म्हणे.

त्या पहाटे मीही पक्ष्याइच्या गणतीले होती, शेजारच्या टेकडीवर. सगळ्याइले एकच काम होतं, गप बसायचं आन् कानावर येईन ते लिहायचं. तुह्याच्यानं तेवढंही झालं नाई. घुबड बोलेना म्हणून तू टेप वाजवला आन् टेपातलंच घुबड मोजलं.

मले कसं समजलं? घुबड संपलं आन् त्याच्या मागून मीच बोलली. "ऐकून राह्यला ना तू? मंग उत्तर पाठवजो." तू नागपूरले शिकत होता तेव्हा मी आवाज भरून पाठवलेली कॅसेट. तिच्यावर तू घुबड भरलं, तेही अर्ध्यावर. तुहं कोणतं काम पूर्ण असते म्हणा.

गणती झाल्यावर हिंगणी गावात चहा पेताना संशोधनवाल्या मॅडमनं विचारलं, "जंगलात बाई कोण बोलत होती?" मी तुह्या समोरच बसली होती. तू चहात बिस्कीट बुडवलं आन् म्हणाला, "असन कोणी लाकडं तोडणारी."

मॅडमशी खोटं बोलला असशीन, तर तू भित्रा आहे. ते मले तू आपलं लगन मोडलं तेव्हापासून माहीत आहे. पण खरंच माहा आवाज ओळखला नसशीन, तर बाबू, त्या घुबडाचा तरी पिच्छा सोड.

हे पत्र टाकणार नाई. तुह्यापायी तिकीट कोण वाया घालवते?

लाकडं तोडणारी,
रंजू