बैठकीतल्या हिरव्या लाद्या

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला मला आता थांबावं लागतं. राग आठवायला थांबावं लागत नाही. तुम्ही वाईट होतात असं गावात कोणी म्हणणार नाही. दारू नव्हती, जुगार नव्हता, आईवर कधी हात उगारला नाहीत. तसा आरोप मीही करत नाही. मला बोलायचं आहे ते फरशीबद्दल, आणि हे ऐकून तुम्ही हसला असतात हे मला माहीत आहे.

वादळात आपलं पत्र्याचं घर गेलं आणि कार्तिए मिलितेरला, बेटाच्या मधल्या त्या पावसाळी गावात, त्याच जागेवर तुम्ही काँक्रीटचं घर उभं केलंत. भिंती झाल्या, छप्पर झालं, आणि पैसे संपले. चार वर्षं आपण उघड्या सिमेंटवर राहिलो. त्या गावची ओल तुम्हाला फारशी कळली नसावी. तुम्ही सकाळी बूट घालून बो बासें शहरातल्या कचेरीत जायचात. आई पहाटेपासून चहाच्या मळ्यात ओल्या झुडपांत उभी असायची, आणि घरी आली की स्वयंपाकघरात पुन्हा ओल्याच जमिनीवर. तिच्या टाचा भेगाळलेल्या असायच्या. भाकरी करताना ती पायाखाली गोणपाट घ्यायची, आणि तेही तासाभरात भिजायचं.

मग एका रविवारी तुम्ही दोघं टेबलाशी बसलात. तुमच्या हातात पेन्सिल, आई शेजारी, आणि मधे चौकोनी रेघांचा कागद. तुम्हा दोघांना मी इतकं जवळ बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. आईने तीन हंगामांच्या पत्ती-तोडणीचे पैसे बाजूला ठेवले होते, तुमच्या पगारातले थोडे. तेवढ्यात सगळं घर होणार नव्हतं. ठरलं ते असं: स्वयंपाकघर आणि झोपायची खोली आधी, साध्या लाद्या, बैठकीला पुढे कधीतरी लाल सिमेंट. आई त्या दिवशी गुणगुणत होती. तुम्हाला ते ऐकू आलं का?

पुढच्या शनिवारी मला चष्मा घ्यायचा होता म्हणून तुम्ही मला बो बासेंला नेलंत. मी बारा वर्षांची. चष्म्यानंतर आपण लाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने कागद मागितला. तुम्ही तो खिशातून काढलात, पाहिलात, घडी करून परत ठेवलात आणि म्हणालात, "बैठकीसाठी दाखवा. बाहेरून आलेल्या, चकचकीत." त्याने हिरव्या, पांढऱ्या शिरांच्या लाद्या मांडल्या. तुम्ही माझ्याकडे वळलात. "कशा वाटतात?" तोवर मला कोणी कशाबद्दल विचारलं नव्हतं. नव्या चष्म्यातून त्या पाण्यासारख्या दिसत होत्या. "छान," मी म्हणाले. परतताना तुम्ही मला गुलाबी साखरेचा केक घेऊन दिलात. "आईला मी सांगतो," म्हणालात. तुम्ही सांगितलं नाहीत. खोकी घेऊन आलेल्या लॉरीने सांगितलं.

आई मळ्यातून आली तेव्हा खोकी दारात होती. कमरेचं ओलं गोणपाट न सोडताच तिने एक खोकं उघडलं.

"हे सैपाकघराचं नाय."

"गनपतीला कचेरीतले सायेब येनार. ते काय तुज्या चुलीपाशी बसनार?"

"आपन दोगांनी ठरवलेलं."

"अगो, सैपाकघर कोन बगतो? तुजं पुढच्या वर्षी करू."

ती माझ्याकडे वळली. "तू व्हतीस ना संगती?" मी म्हणाले, "मी चष्म्याच्या दुकानात होते." तुम्ही तिथेच उभे होतात आणि मला खोटं बोलू दिलंत.

लाद्या बसल्यावर आई त्या बैठकीत कधी गेली नाही. भांडली नाही, रडली नाही. झोपायच्या खोलीची वाट बैठकीतून होती; स्वयंपाकघरातून तिथे जायचं तर ती मागच्या दाराने अंगणात उतरायची आणि वळसा घालून दुसऱ्या दाराने आत यायची. पावसात छत्री घेऊन. गणपतीला मोदकांचं ताट तिने उंबऱ्याबाहेरून माझ्या हातात दिलं. साहेबांनी विचारलं, मादाम कुठे? तुम्ही म्हणालात, ती लाजते. एकदा ती तापाने फणफणलेली, भिजत वळसा घालत होती आणि मी ओरडले, "आई, आतून ये!" तुम्ही वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणालात, "कोनी अडवलंय तिला?" लाद्यांचं मी एखादेवेळी सोडून दिलं असतं. हे वाक्य मी सोडणार नाही. पुढचं वर्ष सात वेळा आलं, आणि तुम्ही गेलात.

तुम्हाला त्या हिरव्या लाद्यांवरच ठेवलं होतं. बाया आईला ओढत होत्या, "ये गो, शेवटचं बग." ती स्वयंपाकघराच्या बाजूला, उंबऱ्याशी बसली. मला वाटलं होतं ती कोरडी राहील. ती मोठ्याने, छाती पिटून रडली, पण उंबरा ओलांडला नाही. आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "काळीज नाय हिला." मी तुमच्या डोक्याशी बसले होते. मी तिथून उठले नाही.

दोन वर्षांनी, लग्न होऊन, सूयाक गावी माझं घर झालं. माझा नवरा शांत माणूस. लाद्यांचे नमुने घरी आणून म्हणाला, तू सांग. मी तीन आठवडे त्याच्याशी भांडले. त्याने दिलेली ऑर्डर तपासायला दोनदा बस धरून दुकानात गेले. शेवटी तो म्हणाला, "तुला फरशी हवी आहे की तुझ्या वडिलांशी भांडण? दोन्हींना आपले पैसे पुरायचे नाहीत." मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. त्या दोन दिवसांचा हिशेबही तुमच्याकडेच.

स्वयंपाकघर आधी केलं. आईला मुद्दाम बोलावलं. ती अनवाणी आत आली, मधोमध उभी राहिली आणि लगेच सरकून तिने भिंतीचा आधार घेतला. "ग्वाड हाय," म्हणाली, "पन गार लागतंय गो. माजी सपाता दे." तिचे गुडघे तोवर संपले होते. चपला घालून ती चहा करायला वळली.

हे मी मराठीत लिहिते आहे ते तुमच्या मायेने नव्हे. नवऱ्याला ही अक्षरं येत नाहीत, मुलांना तर मुळीच नाहीत. कागद कुठेही राहिला तरी चालतो. तुम्ही मला मांडीवर घेऊन ती गिरवायला शिकवलीत. आईला शिकवली नाहीत. ती आता माझ्याकडेच असते, दुपारी याच टेबलाशी माझ्या शेजारी बसते, आणि तिला हे वाचता येत नाही याचं मला बरं वाटतं.