रंधा थांबेपर्यंत

५ जाने., रवि.
रंधा मशीन आली. कोहमाऱ्याहून, मिनी ट्रकमध्ये, ताडपत्रीखाली. सहा माणसं आणि दोन पहारी लागल्या. नवऱ्याच्या, प्र.च्या, पिठाच्या चक्कीच्या खोलीत उतरवली. तो गेल्यापासून चार वर्षं पीठ दळलं गेलेलं नाही, पण थ्री-फेज मीटर मी चालू ठेवलं होतं. का ठेवलं होतं, कोण जाणे.
वरच्या टेबलावर फळी सपाट होते, तीच खालून घातली की जाडी सारखी होते. ही शोधून देणाऱ्या मंसाराम सुताराने डाव्या हाताने दाखवलं. त्या हाताला दोन बोटं आहेत.
"बाकीची कुठे गेली?"
"अशाच मशीनीत, सिस्टर."
हे ऐकूनही उतरवून घेतली. सहा दारांचा प्रश्न आहे. ठेकेदाराने लाकूड सांगून पुठ्ठा बसवला, दोन पावसाळ्यांत फुगला. न्हाणीघराची कडी लागत नाही. बासष्टाव्या वर्षी मी आत बसून खोकत राहते, कोणी येऊ नये म्हणून! सागवान पारखून आणलंय. हाताच्या रंध्याने पुढची दिवाळी येईल.

६ जाने.
नलूचा नागपूरहून फोन. "ताई, रेडिमेड दारं घे ना सरळ. ऑपरेशन थिएटरमध्ये एकतीस वर्षं कमी बोटं पाहिलीस का?"
धाकटी आहे, पण बरोबर जागी टोचते.
करवतीने तुटलेलं बोट लोक पिशवीत घालून आणायचे. रंध्याने गेलेलं कोणी आणत नसे. आणण्यासारखं काही उरत नाही.
झोपताना हे आठवायला नको होतं.

९ जाने., गुरु.
चार दिवस डिझेल आणि पॉलिश पेपर. टेबलांवरचा गंज निघाला, खाली लोखंड अजून चांगलं आहे. टेबल वर-खाली करायचं चाक जाम होतं, आज फिरलं. मशीनच्या पोटात उंदराचं घरटं. बेअरिंग नवी, पट्टा नवा.
पाती धार लावून आली, तीन. वर्तमानपत्रात गुंडाळलेली. उघडताना दोनदा खाली ठेवली. जन्मभर डॉक्टरांच्या हातात सुऱ्या देणारी बाई मी.

११ जाने.
पाती बसवली. मागच्या टेबलावर लाकडाची सरळ पट्टी ठेवायची, पाती धरणारा गोल कटर हाताने सावकाश फिरवायचा. पातं पट्टीला जरासं ओढतं. तिन्ही पात्यांनी सारखंच ओढलं पाहिजे. एक जास्त ओढत होतं. साडेतीन तास गेले.
मग मी ऑपरेशन थिएटरमधली मोजणी लावली. पाती तीन, बोल्ट बारा, पाने दोन. आत काय गेलं, बाहेर काय आलं.
मंसाराम म्हणाला, "मशीनीचं पोट शिवाचं हाय काय, सिस्टर?"
"हो. आत पाना राहिला तर रडत कोण येणार, तुम्ही की मी?"
दारावर नियम लिहून लावले. मफलर नाही. तोंडात तंबाखू-खर्रा नाही. फळी तळहाताने नाही, मुठीच्या ठोकळ्याने ढकलायची. बटणाशी मी, आणि मी हलणार नाही.
"शाळेत पायजे होत्या तुमी. पोट्टे सुधरले असते."

१३ जाने., सोम.
चालू केली. आवाज दातांत शिरतो. पहिली फळी गेली तेव्हा माझं लक्ष फळीवर नव्हतंच, त्या दोन बोटांवर होतं.
बंद करायचं बटण दाबल्यावर कटर लगेच थांबत नाही. मोजलं, बावीस आकडे होतात.
फळी सुरेख निघाली. मंसाराम तिच्याकडे न बघता कटरच्या फटीत बघत बसला.
"काय शोधताय?"
"काई नाई. आज तर गरीब गायीवानी चालली."

१४ जाने., संक्रांत
सकाळी आला तर अंगाला भपकारा. मी दारातच, "सणाच्या दिवशी, सकाळी सकाळी पिऊन? परत जा. मशीनला हात लावायचा नाही."
त्याने पिशवीतून बाटली काढली. स्पिरिट आणि लाख. कुणाच्या तरी पलंगाला पॉलिश मारून आला होता.
"पालिश होय, सिस्टर. पेवाचं नाई."
माफी मागितली. तिळाची वडी दिली. त्याने घेतली, पण खाल्ली नाही, खिशात टाकली. एवढं काय लागलं त्याला?

१७ जाने., शुक्र.
आधी लिहिते: सात बोटं आहेत. सातच्या सात.
सकाळपासून लाइन नव्हती, खांबावर तारेचं काम. बारा वाजता आली. मोजणी केली, सगळं बरोबर. बटण दाबलं. आवाज रोजचाच. तोच रोजचा आवाज, याचंच आता भय वाटतं.
फळीचं टोक कटरला टेकलं आणि फळी त्याच्या हातातून गेली. ढकलली नाही, ओढली गेली. सरळ समोरच्या भिंतीकडे. चक्कीच्या पत्र्याला पोचा पडला. ठोकळाही गेला. त्याचा हात हवेत तसाच. ठोकळा नसता तर त्याच्या जागी तळहात…
बंद केलं. बावीस मोजेपर्यंत कोणी श्वास घेतला नसेल. मी त्याची बोटं मोजली. परत मोजली.
तो वाकून थांबत चाललेला कटर बघत होता. "उलटी फिरून राहिली," म्हणाला. "सिस्टर, पाहा, उलटी." आवाज असा, जणू हरवलेलं काही सापडलं.
लाइनमन अजून खांबाखालीच होता. त्याला हात धरून आणलं.
"मैडम, तार इधर का उधर हो गया होगा. पंप भी उल्टा घूमता है. दो तार बदल दो, बस."
बस! पंप उलटा फिरला तर धानाला पाणी मिळत नाही. हा उलटा फिरला तर काय मिळत नाही, ते या माणसाच्या हाताकडे बघून सांग, म्हटलं.  तो परत खांबावर चढला.
चक्कीच्या मोटरमागे भिंतीवर प्र.ने काढलेला लाल बाण आहे. दळण घेण्याआधी तो मोटर क्षणभर चालवायचा, बाणाकडे बघायचा, मगच धान्य ओतायचा. मी म्हणायचे, आरतीही करून घे. चार फुटांवर होता बाण. बारा बोल्ट मोजले आम्ही, आणि फिरण्याची दिशा पाहिली नाही.

१८ जाने.
मंसाराम आला, पण आत आला नाही. पायरीवर बसला.
"सिस्टर, बोटं गेली ते अशी दुसरी मशीन नोहे. हेच मशीन होय. कोहमाऱ्याले मी इच्यावरच होतो."
मी उभीच.
"त्या दिवशी बी खांबावर काम झालं होतं. वीस वर्सं मी सोचून राहिलो, माही चूक काय झाली. म्हनून तुमाले घ्याले लावली. पाहाचं होतं."
"मग मला आधी सांगितलं का नाही?"
"सांगतलं असतं तर घेतल्या असत्या काय?"
नसती घेतली. एका माणसाने आपलं कोडं सोडवायला उरलेली बोटं पणाला लावली, आणि बटणाशी मला उभं केलं. संतापाने बोलणार होते. तोच बोलला.
"तुमी तवा बी होत्या. दवाखान्यात मी आपरेशनच्या टेबलावर, तुमी डोकशापाशी. डॉक्टरले म्हनल्या, हा पेऊन आला, वास येते. त्यायनं लिवलं. मालकानं कागद वाचून हाकललं. सकाळून मी पालिश करत होतो, सिस्टर. जिंदगीत पेलो नाई."
"बायकोचा तरी विश्वास आहे ना?"
"सगुणा? आजबी रोज सांजेले तोंड हुंगते."
मला हा माणूस आठवत नाही. चेहरा नाही, हात नाही, काही नाही. वाक्य मात्र माझंच आहे, ओळखीचं. किती जणांना म्हटलं असेल? संक्रांतीला परत त्यालाच म्हटलं.

२० जाने., सोम.
तारा लाइनमनने त्याच दिवशी बदलल्या होत्या. मोटरवर नवा लाल बाण रंगवला. मोजणीत आता बाण पहिला, बोल्ट नंतर. रिकामी चालवून पाहिली, मग फळी. माझं बोट बटणावरून उचललं गेलं नाही, नखाखाली दुखतंय.
कागद लिहून ठेवला होता. कॉन्व्हेंटचं वळणदार अक्षर, सही, तारीख: हा मनुष्य त्या दिवशी प्यालेला नव्हता, चूक माझी होती. मंसारामने दोन बोटांत धरून वाचला आणि परत दिला.
"कागद तवा बी होता, सिस्टर. आधी तुमी तोंडानं म्हनल्या होत्या."
"म्हणजे?"
"सगुणेले आनतो बुधवारी. तोंडानंच सांगा."
"ती काय म्हणेल?"
"मले काय मालूम? वीस वर्सं तुमचंच आयकून राहिली ते."

२२ जाने., बुध.
चार दारांच्या फळ्या निघाल्या. पाचव्या दाराची पहिली लावायची होती, ती मुद्दाम आजसाठी ठेवली आहे.
रात्री झोप नाही. तिने अंगावर यावं, मला चालेल. ती म्हणाली, "जाऊ द्या, सिस्टर, झालं ते झालं," तर काय करायचं? आणि विश्वासच नाही ठेवला तर? सांजेला पुन्हा हुंगलं तर?
चार वाक्यं पाठ केली. सकाळी एकही धड आठवेना. पहिलं "मी खोटं बोलले" असावं की "माझी चूक झाली"? चूक तर सोपी आहे.
ठरलंय ते असं. ती आली की मंसाराम फळी लावणार. तिने एकदा बघावं, तो कसा उभा राहतो, हात कुठे ठेवतो. फळी निघाली की मी बटण दाबणार. कटर थांबेपर्यंत बावीस. त्या आवाजात बोलता येत नाही, म्हणून तेवढा वेळ माझा; थांबला की सांगायचं.
बाण पाहिला. बोल्ट बारा. पाने दोन, दोन्ही बाहेर.
फाटकाची कडी वाजली. पावलं दोघांची आहेत.