पाहुण्यांसमोर फाटलेली गाडी

वडीगोद्री, रविवार

प्रिय अंगददादा,

वाकून नमस्कार. पुण्यात तुझी कंबर आता कशी आहे? इकडं आई-बाबा ठणठणीत आहेत. मीही बरी आहे, फक्त आई माझ्याशी बोलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं, पण तुझा फोन वहिनी आधी वाचतात, म्हणून हे पाकीट तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर.

मंगळवारी मला पाहायला पाहुणे आल्ते, हे आईनं फोनवर सांगितलंच असेल. (कॉम्प्युटरच्या सेटिंगचं सोडून सगळं सांगितलं असेल.) मुलगा राजानंद, जालन्याच्या एमआयडीसीत स्टील मिलमध्ये सुपरवायझर. उंची बरी, मिशी काढायला लावता येईल. त्याच्या आत्या जयवंताबाईंनी छंद विचारला. आईनं शिवणकाम सांगायला पढवलं होतं, पण माझ्या तोंडून खरंच निघालं, की कॉम्प्युटरवर गाड्यांची रेस खेळते. मुलगा एकदम सरळ बसला. म्हणाला, "मी पण खेळतो. दाखवा की."

आता तू जोडून दिलेला कॉम्प्युटर तुला ठाऊक आहे. गाडी जोरात वळली की चित्र मधोमध फाटतं, वरची अर्धी गाडी पुढं, खालची मागं. आत्या म्हणाल्या, "अगं बाई, हिचा टीव्ही फाटून राह्यला!" मला लाज वाटली, म्हणून मी व्ही-सिंक, म्हणजे चित्र फाटू न देणारी सेटिंग, चालू केली. चित्र अखंड झालं, पण ग्राफिक्स कार्डाला दम कुठला? सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे फ्रेम, यायच्या त्या तीस झाल्या, आणि बटण दाबलं की गाडी आधी विचार करायची, मंग वळायची. पहिल्याच वळणाला मी शेतात. (गेममधल्या.) बाबा म्हणाले, "बस झालं, चहा आण."

राजानंद जागचा हलला न्हाई. "सावल्या कमी करा, म्हणजे कार्डाला साठ झेपतील. मंग फ्रेमची मर्यादा साठच्या जरा खाली लावा, गाडी लगेच वळंल."

"सावल्या काढल्या तर झाडं कागदाची दिसतात."

"झाडं बघायचीत का जिंकायचंय?"

चहा निवेपर्यंत आम्ही भांडलो. शेवटी झाडांच्या सावल्या काढल्या, गाडीची ठेवली. चित्र फाटेना, गाडीही हाताबराबर वळायला लागली. अगदी तंतोतंत न्हाई, पण चालण्यासारखं. मंग एक फेरी त्यानं मारली, एक मी. मी पावणेदोन सेकंदांनी जिंकले. आत्या पिशवी उचलून उठल्या. पाहुण्यांना कोणी हरवतं का, म्हणून आईनं अबोला धरलाय. त्यांच्याकडून अजून निरोप नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

तुझी बहीण,
रेणुका

ता. क. : निरोप नाही म्हणजे घरी नाही. मला त्यानं गेममध्येच मेसेज पाठवला, "कार्ड आपण नवीन घेऊ." 'आपण' लिहिलंय, दादा. बाबा तुझं ऐकतात, तेवढा जल्दी फोन कर.

आणखी एक : आहेरात मिक्सर देऊ नकोस. गेमसाठी एकशे चव्वेचाळीस हर्ट्झचा मॉनिटर दे. दोन दे.